पट्टीवाल्या बाईंची कबुली

"सर, अहवाल पाठवू नका," पट्टीवाल्या बाई दारातूनच म्हणाल्या आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्या.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आधी बसा. काय बंद पडलं? यंत्र की तुम्ही?"

एरवी त्या हसल्या असत्या. एकोणीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत सशाच्या हृदयाच्या स्नायूची काडीएवढी पट्टी कापून मिठाच्या कोमट पाण्यात टांगत आल्या होत्या. विजेचा हलका झटका बसला की पट्टी आखडायची आणि यंत्राची सुई कागदावर डोंगर काढायची. या पाण्यात पट्टी तासन्‌तास सुखानं धडधडत राही. मग सर त्यात झोपेच्या नव्या औषधाचे थेंब सोडत. डोंगर बुटके झाले, तर औषध हृदयालाही गुंगी आणतं म्हणायचं. नाही झाले, तर कमजोर हृदयाच्या माणसांनाही ते बिनधोक.

थेंब सोडायची वेळ झाली की सर बाईंना जेवायला पिटाळत. कागदही स्वतःच फाडून नेत, दार लावून मोजत बसत. "तुमच्या डोळ्यांना कशाला त्रास?" म्हणत. असा देवमाणूस.

"औषधाची बाटली फुटली, सर." बाईंनी हातातल्या रुमालाचा पार बोळा केला होता. "पहिल्याच दिवशी, माझ्या हातून. तुम्ही चिडका माणूस असता तर तेव्हाच सांगून मोकळी झाले असते. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, म्हणून जास्तच लाज वाटली. दुसऱ्या बाटलीला तसंच लेबल लावलं, आणि..."

"आणि?"

"आपलं मिठाचं पाणी भरलं. पट्टी ज्यात असते, तेच. वाटलं, नवी बाटली आली की गुपचूप बदलू. ती आलीच नाही. अडीच महिने तुम्ही बिचारे पाण्यात पाणी सोडत बसलात."

सर समोरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिले. बाईंना ते रागावण्याहून कठीण गेलं.

"आता तुम्ही लिहिणार, हृदयाला काही होत नाही. खऱ्या औषधानं काय होतं, ते कुणाला ठाऊक? एखादी म्हातारी तुमच्या भरवशावर घ्यायची आणि सकाळी उठायचीच नाही. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. पण माझ्यापायी तुमच्या नावाला बट्टा नको हो."

सरांनी टेबलावरचा अहवाल स्वतःकडे ओढला, जरा घाईनंच. वरचं पान निसटून बाईंच्या पायाशी पडलं. त्यांनी वाकून उचललं.

पानावर सरांनी हातानं काढलेला डोंगरांच्या उंचीचा आलेख होता. पहिल्या थेंबाला डोंगर किंचित खाली, पाचव्याला निम्मे, दहाव्याला सपाट रेघ. खाली सरांचं सुबक अक्षर: 'साठही पट्ट्यांवर हाच परिणाम. प्रत्येक कागद मी स्वतः मोजला आहे.'