शालीचा मान

अंगावर शाल पडली तसे नगराध्यक्ष रंभाजीराव बसल्या खुर्चीत वीतभर उंच झाले. नदीच्या खालच्या अंगाच्या या चिमुकल्या शहराचा जलशुद्धीकरण प्रकल्प पाहायला ते अभ्यासदौऱ्यावर आले होते, आणि इथे तर त्यांचाच सत्कार!

“तुम्ही नसता तर हा प्रकल्प उभाच राहिला नसता,” यजमान नगराध्यक्षा विमलताई म्हणाल्या.

प्रकल्पाच्या पाण्याचा ग्लास गटागटा रिचवून रंभाजीराव भाषणाला उभे राहिले. “मोठ्या शहराने लहान शहराला काहीतरी देत राहावं, हेच आमचं धोरण!”

“देताच की,” ताई गोड हसल्या. “तुमची झाडून सगळी गटारं नदीत सुटतात आणि नदी आमच्याकडे येते. घरोघर कावीळ झाली, तेव्हा आम्ही पदर खोचला.”

रंभाजीराव मटकन बसले. शालीत भलतंच उकडू लागलं. त्यांनी शेजारी बसलेल्या आपल्या अभियंत्याला हळूच विचारलं, “काय हो, आपल्या वरच्या अंगाला कुठलं शहर नाही ना?”

“आहे ना साहेब. आपल्या तिप्पट मोठं.”

“आणि त्यांची गटारं?”

अभियंत्याने पिशवीतून घरून आणलेली बाटली काढली, तिच्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि इथल्या नळावर ती काठोकाठ भरून घेतली.

रंभाजीरावांनी शाल उतरवली आणि नीट घडी घालून त्याच्या हाती दिली. “जपून ठेवा. घरी गेल्यावर आधी असाच प्रकल्प उभारू. मग ही वाजतगाजत त्या वरच्या शहराच्या महापौरांच्या अंगावर घालायची.”