आगबोटीवरचा रोगी

निजामाच्या मुलखाला समुद्र नव्हता, त्यामुळे मानवतच्या नागप्पा वैद्यांकडे कधी आगबोटीवरचा रोगी येईल, असं त्यांच्या शत्रूलाही वाटलं नव्हतं. पण झरीचा सटवाजी बोटीवर कोळसा ओढायला लागला आणि भर समुद्रात त्याला हिवतापानं धरलं. बोटीवर डॉक्टर नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी बिनतारी यंत्रावरून कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या द्यायला सांगितलं. गोळ्या बोटीवर होत्याही, पण सटवाजी दातखीळ बसल्यासारखा अडून बसला. नागप्पा वैद्यांशिवाय दुसऱ्याचं औषध तो घेणार नव्हता, मेला तरी.

तशी मुंबईहून तार आली. तारबाबू ती घेऊन पळतच वैद्यांच्या ओट्यावर आला.

"काय कळवू, आप्पा? माणूस हातचा जायलाय."

वैद्यांनी उभ्या जन्मात कोयनेलला शिव्याच दिल्या होत्या. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"कळवा, गोळी आपलीच हाय. नागप्पानंच बनवून बोटीवर धाडली होती म्हणावं. गुमान गीळ."

"आन् मुंबईच्या डॉक्टरनं खरं सांगितलं तर?"

"त्यो काय मानवतला येऊन सांगतोय व्हय?"

आठव्या दिवशी सटवाजीची तार आली. ओटा रोग्यांनी भरलेला पाहून वैद्य म्हणाले, "बाबू, जरा मोठ्यानं वाचा. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

बाबूनं खणखणीत आवाजात वाचलं,



"ताप उतरला. आप्पा, बारा वर्षांत तुमच्या औषधानं पहिल्यांदाच गुण आला."