एका फटक्यात

पुलाच्या भूमिपूजनाला आमदार सर्जेरावांचा नारळ काही केल्या फुटेना, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "हाही विरोधकांचाच दिसतोय." त्या व्हिडिओवर मीमचा पाऊस पडला. घरात बरणीचं झाकण अडलं, तरी लोक म्हणू लागले, "विरोधकांचंच दिसतंय."

इकडे विरोधी पक्षाच्या भाऊसाहेबांच्या पोटात दुखू लागलं. "हसं झालंय त्याचं," ते बायकोला म्हणाले.

"झालंय की. तुमचं तर तेवढंही होत नाही."

पुढच्याच आठवड्यात शाळेचं भूमिपूजन होतं. एक फक्कड वाक्य पाठ करून, फुटू नये अशा बेतानं, भाऊसाहेबांनी हलकेच नारळ आपटला. सगळ्यांचे मोबाइल आशेनं वर होते.

"एका फटक्यात वाढला. शुभ झालं," गुरुजी म्हणाले.

गर्दी हळहळली. मोबाइल खाली आले.

भाऊसाहेब गुरुजींच्या कानाशी वाकले. "दुसरा आहे का? जरा टणक बघून द्या."