चोवीस तासांची गाडी

गाडी बंद पडावी, असं कृष्णातच्या मनात येऊन गेलं आणि त्यानं दचकून मागं पाहिलं. घरात दुसरं कोण असणार? बायको, सोनुबाई, वारल्यापासून निपाणीच्या त्या घरात माणूस म्हणजे तो एकटा आणि आवाज म्हणजे टीव्हीचा. तरीही तिनं ऐकलं असावं तसा तो ओशाळला.

टीव्हीवर फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत चालू होती. काल संध्याकाळी सुटलेल्या गाड्या अजून त्याच रस्त्यानं गरगर फिरत होत्या. त्यातल्या पिवळ्या गाडीचं इंजिन त्याच्या लेकीच्या, सुनयनाच्या हातचं होतं. म्हणजे तिच्यासारख्या कितीतरी इंजिनिअरांचं; पण कृष्णातच्या लेखी तिच्या एकटीचंच. बापाला एवढी सूट असते.

काल फ्रान्सहून फोनवर तिनं सरळच सांगितलं होतं, "आप्पा, गाडी शेवटापर्यंत पोचली तर कंपनी हे इंजिन आणखी तीन वर्षं चालवणार. न्हाई पोचली तर काम बंद. मग मी येते घरी, बेळगावात नोकरी बघते." बोलताना ती हसली होती. तोही हसला होता. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बंद पडलेल्या गाड्या चालू करण्यावर ज्याचं घर चाललं, त्या बसडेपोतल्या मेकॅनिकनं चालती गाडी कधी बंद पडते याची वाट बघत बसायचं! साठी बुद्धी नाठी म्हणतात ती हीच. स्वतःची लाज वाटली त्याला. पण नजर पिवळ्या गाडीवरून हटेना.

आणि गाडी बंद पडली. मागून धूर निघाला, कशीबशी गडगडत ती गॅरेजात शिरली आणि शटर खाली आलं.

कृष्णातला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण ते टिकलं नाही. त्याच्याखालून आनंद असा उसळून वर आला की त्याला उठून खोलीत दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

तेवढ्यात शेजारची अक्काताई ताटलीत भाकरी झाकून घेऊन आली. "भावजी, सकाळधरनं दार उघडलं न्हाईसा. जेवलासा का न्हाई?"

"सुनयना येणार," तो म्हणाला.

"कवा?"

"येईलच आता. कायमची. तिची गाडी बंद पडली."

"बरं झालं बाई! तुमी तरी किती दिस भिंतीसंगं बोलायचं?" अक्काताईनं खुर्ची ओढली. या पोरीला तिनं मांडीवर खेळवलं होतं.

कृष्णात जेवायला बसला आणि दोन भाकऱ्या बघता बघता संपवल्या. आतली खोली रंगवून घ्यायची, पंखा बदलायचा, मुंबईहून गाडीनं आली तर कोगनोळीच्या नाक्यापर्यंत आपण सामोरं जायचं, असं त्याचं एकापुढं एक चालू झालं. अक्काताई नुसती व्हय-व्हय म्हणत होती.

फोन तेवढा आला नव्हता. एरवी गाडी बंद पडली की सुनयनाचा रडका फोन लगोलग यायचा. मेकॅनिक माणसानं त्यावरूनच ओळखायला हवं होतं. पण सुख आलं की माणसाला समोरचं दिसत नाही.

शर्यत संपायला थोडाच वेळ उरला असताना शटर वर गेलं. आत सगळी हेल्मेट घालून, तोंडं झाकून गाडीला चिकटलेली. बाई कोण, बाप्या कोण, कळायला मार्ग नव्हता. त्यातलं एक बुटकं माणूस मागच्या बाजूला वाकून नट आवळत होतं. आवळून झाला की पान्याच्या टोकानं त्यावर दोनदा टकटक. पुढचा नट, पुन्हा दोनदा टकटक.

कृष्णात टीव्हीजवळ सरकला. नट वाजवून बघायची ही सवय त्याची होती. डेपोत गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून जन्मभर तो तेच करत आला होता. शाळेतून येताना त्याचा डबा घेऊन येणारी सुनयना खड्ड्याच्या काठाला बसून बघत राहायची. शिकवलं असं त्यानं कधीच नव्हतं.

"बंद पडली म्हणालासा न्हवं?" अक्काताईनं विचारलं.

त्यानं घड्याळाकडं पाहिलं. वेळ संपल्यावर गाडीनं स्वतःच्या इंजिनावर शेवटची रेघ ओलांडायची, असा नियम. कितीही हळू आली तरी चालेल, ढकललेली चालत नाही. हे सुनयनानंच त्याला सांगितलं होतं.

गाडी बाहेर आली. आचके देत, चढाला लागलेल्या उसाच्या गाडीसारखी. मध्येच ती थांबल्यासारखी झाली आणि कृष्णात ताडकन उभा राहिला.

"चल गं माझी बाय! चल, चल!" तो ओरडत होता. उजवा हात आपोआप गिअर टाकल्यासारखा हलत होता. थांबू नये, एवढंच आता त्याला वाटत होतं. दुसरं काही आठवतच नव्हतं. गाडीनं रेघ ओलांडली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पयली आली व्हय?" अक्काताई म्हणाली.

"न्हाई. शेवटची."

"मग एवढं वरडायला काय झालं?"

"पोचली."

अक्काताई रिकामी ताटली उचलायला वाकली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. "म्हंजे... पोरगी येत न्हाई?"

कृष्णातनं नुसती मान हलवली. टीव्हीत ती तोंड झाकलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. त्यानं आवाज बंद केला. घर एकदम मोठं झालं.

अक्काताई चिडली. "एवढी कुणा मेल्याला घाई झाल्ती गं बाई, दुरुस्त करायची?"

"तिलाच," कृष्णात म्हणाला.