गच्चीवरचा हात

विमान पुन्हा घरावरून फिरलं, पण धावपट्टीकडे वळेना. शेडमध्ये स्वतः बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या या विमानात अच्युतरावांनी नुकतीच नवी नियंत्रण यंत्रणा बसवली होती. चालवणाऱ्याच्या सवयी बघून ती शिकायची. हाताने चालवायचा जुना दांडा त्यांनी हौसेने काढूनच टाकला होता.

उतरण्याआधी ते नेहमी घरावर चक्कर मारत. गच्चीतून सुलभाने हात हलवला, की मगच वळत. यंत्रणेने नेमकं तेच उचललं होतं.

आज सुलभा पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसली होती.

बॅटरीचा दिवा लाल झाला.

"शेजारच्या दात्यांना फोन लाव! आपल्या गच्चीत जाऊन हात हलवा म्हणावं."

"अहो, जातील कसे?" सुलभाने मूठ उघडली. तिच्या तळहातावर घराची किल्ली होती.