देवीचा कौल

जर्मनीच्या इस्पितळातून विनीताला नर्सच्या नोकरीचं पत्र आलं होतं. आता फक्त ग्रामदेवीचा कौल घ्यायचा राहिला होता.

"जावच्याक थंय काय म्हणतत, सांग गो बाय गुरवाक!" बाबा कौतुकानं म्हणाले.

"जुने जर्मन, इंग्रज, उत्तरेकडचे खलाशी, सगळ्यांचो शब्द एकाच मुळातलो," विनीता म्हणाली. " फारान. चलत जावा, गलबतान जावा, नायतर मरान जावा, सगळ्याक तोच शब्द."

"देवळात मरणाचा नाव नको गो!" म्हणत गुरवानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. विनीता डोळे मिटून पुटपुटत राहिली.

उजवी पडली.

"तुझा मागणा ऐकल्यान गो देवीन!" बाबांनी डोळे पुसले.

विनीता त्यांच्या पाया पडली. तिनं डावी मागितली होती.