सहावा कप

"आई, सहावा कप फुटला म्हणून का सांगितलंत?" सारिकानं चुलीपाशी येऊन हळूच विचारलं. "गोठ्याच्या वळचणीला हाय ना तो. सकाळीच बघितला मी."

"बघितलास ना? मग गप ऱ्हा," आवडी म्हणाली आणि चहात साखर टाकली. जरा जास्तच पडली.

माजघरात मुंबईची बाई बसली होती. अनुपमा नाव. तिच्यापुढं जुन्या लुगड्यावर विलायती सेट मांडला होता. किटली, दुधाचं भांडं, बशा सहा आणि कप पाच. पांढऱ्यावर निळी झाडं, निळा पूल, वर दोन निळी पाखरं. सेट विकायचा म्हणून सारिकानं बिरवाडीहून मोबाइलवर फोटो टाकले काय, आणि ही बाई गाडी घेऊन पोलादपूरच्या वरची ही वाडी शोधत आली काय. सेट अख्खा असेल तरच नेईन, एवढंच तिचं म्हणणं.

सारिका सासूला न्यायला आली होती. घराला कुलूप लावायचं आणि म्हातारीची सोय बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत करायची. तिथं ह्या सामानाला जागा नव्हती.

सेट आणला तो आवडीच्या आजेसासऱ्यानं. महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर तो खानसामा होता. साहेब देशाला परत निघाला, तेव्हा जाता जाता सेट त्याला देऊन गेला. टोपलीत भाताचा पेंढा भरून त्यानं तो घाट उतरवला. पुढं लग्नकार्यात सोयऱ्यांना सेट दाखवायचे, त्यात चहा मात्र कुणाला द्यायचे नाहीत. मग आवडीच्या सासूला कुणीतरी सांगितलं, विलायती भांड्यात हाडांची राख घालतात. त्या दिवसापासून साहेबाचा सेट माळ्यावर गेला. एक कप तेवढा गोठ्यात.

हैबतीसाठी. हैबती खालच्या वाडीतला, नांगराला यायचा. त्याच्या लोकांना घरातलं भांडं द्यायचं नाही, उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, अशी रीत. तो वळचणीतून कप काढायचा, नवी नवरी आवडी वरून चहा ओतायची, आणि पिऊन झाला की तोच कप धुऊन ठेवायचा. एकदा तापानं फणफणला होता. पडवीत जरा टेकू का, म्हणाला. सासूनं गोठा दाखवला. तो उठला तो मुंबईलाच गेला. पुढं कधीतरी त्याच्याच वाडीतला चांगू मुंबईहून सांगत आला, हैबती वारला.

सासू गेली, नवरा गेला, त्यांची कधी चाहूल लागली नाही. हैबतीची लागते. दिवेलागणीला कप कौलाला लागून वाजतो. मग आवडी उठते, त्यात चहा ओतून येते. सकाळी कप रिकामा.

"उदमांजर पितं," सारिका आताही म्हणाली.

"एकदा साखर विसरले, तर तसाच ऱ्हायला. उदमांजराला एवढं कळतं?"

"मग देऊन टाका की कप. सुटाल."

"कप भायेर हाय तवर तो भायेर हाय, सारिका. कप गेला की शोधत आत यील."

"येऊ दे. आपण नसणारच हितं."

"आणि मागं मागं बिरवाडीला आला तर?"

"तिथं आमालाच पाय पसरायला जागा नाय. आल्या पावली जाईल बिचारा."

आवडीला हसू आलं नाही. पाचातला एक कप धुऊन तिनं चहा नेला.

अनुपमानं तो दोन्ही हातांनी धरला. "बनवणारा कारखाना कधीच बंद झाला," ती म्हणाली. "आता लोक ह्या बशा भिंतीवर लावतात."

"भिंतीवर?" सारिका म्हणाली. "मग खातात कशात?"

"कागदाच्या ताटलीत," अनुपमा म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग तिनं सहज विचारलं, "सहावा कुणाच्या हातून फुटला, आजी?"

आवडी बशा पुसायला लागली. सारिकाला राहवेना. "फुटला नाय ओ मॅडम. गोठ्यात हाय. गड्याचा कप होता तो."

"तो तुमच्यासारख्यांच्या कामाचा नाय, बाई," आवडी घाईनं म्हणाली. "बाटलेला हाय. ज्याचा होता तो मेला, पण कप सोडत नाय."

अनुपमानं हातातला कप खाली ठेवला. इतका जपून, की आवाज झाला नाही. "कोण होता?"

"हैबती. खालच्या वाडीचा."

"मेला असं कुणी सांगितलं?"

"चांगूनं सांगितलं. तवापासून पित्रांना त्याचं पान वाढते मी, गोठ्यात. रोज चा देते. आणखी काय करायचं माणसानं?"

"आत नाही बोलावलं कधी?"

"आत?" आवडीनं तिच्याकडं असं बघितलं, जणू शहरातल्या शिकलेल्या बाईला इतकंही कळू नये. "आत आला तर घरातच बसंल ना."

अनुपमा उठली. अंगण ओलांडून गोठ्याकडं गेली. अंगणापलीकडं तिच्या गाडीचं इंजिन अजून चालूच होतं. वळचण केवढी लांब, पण ती कोपऱ्यातल्या वाशापाशी थांबली, वर न बघता हात घातला आणि कप काढला. ओढणीनं पुसला. मग येऊन उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मॅडम, जागा कशी ओ कळली?" सारिकानं विचारलं.

"लहानपणापासून ऐकलीय." कप तिनं छातीशी धरला होता. "सेट मला नकोच होता, आजी. अख्खा मागितला, म्हणजे हा बाहेर निघेल."

आवडीनं दाराची चौकट धरली. "कुणाची गो तू?"

"हैबती माझे आजोबा. गाडीत बसलेत," अनुपमा म्हणाली. "आत घेऊ त्यांना?"